सात चिंध्या

सहा फेब्रुवारी. लंगोट फाडायचं काम हाती होतं. अमरावतीहून येताना माझ्या दोन जुन्या सुती साड्या आणल्या होत्या. वीस वर्षं धुऊन धुऊन त्या मलमलीसारख्या मऊ झाल्या होत्या. मधला भाग लंगोट आणि दुपट्यांसाठी. काठ मात्र जाडाभरडा, बाळाच्या अंगाला टोचणारा. तो मी फाडून बाजूला टाकत होते. बसले होते जपानमधल्या एका मोठ्या शहरात, मुलीच्या घरी, सहाव्या मजल्यावर. घर दीड खोलीचं. ऊन दहा वाजता खिडकीशी यायचं आणि साडेदहाला निघून जायचं.

मुलगी घरी नव्हती. आठवा महिना लागला आणि तिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. बाळंत होईपर्यंत पडून राहायचं, बाथरूमपुरतं उठायचं. मी पंचेचाळीस दिवसांची रजा टाकून बाळंतपणाला आले आणि पाचव्या दिवशी जिचं करायला आले ती तिकडे, मी इकडे रिकाम्या घरात.

दवाखाना चांगला होता. जेवण मात्र तिच्या गळ्याखाली उतरेना. थंड मासा, चिकट भात, कसल्याशा पानांचं पाणी. मासे आम्ही खातो, पण ते नदीचे, लसूण-मिरचीत उकळलेले. तिथल्या आहार पाहणाऱ्या बाईंनी घरचा डबा आणायला परवानगी दिली. अट एकच, मीठ घालायचं नाही. मी म्हटलं, नाही घालत. आळणी वरण, पालक आणि ज्वारीची भाकर. पीठ मी सोबत आणलंच होतं.

प्रश्न डबा करायचा नव्हता, पोचवायचा होता. जावयांनी मला दोनदा दवाखान्यात नेलं, शनिवारी आणि रविवारी. मग त्यांचं ऑफिस सुरू झालं. जावई पुण्याचे. मऊ बोलणारे, प्रत्येक वाक्याला प्लीज लावणारे. म्हणाले, आई, आता पुढच्या रविवारी जाऊ, तोवर तुम्ही आराम करा. घरातली बटणं त्यांनी मला नीट समजावून दिली होती, गरम पाण्याचं, हिटरचं, संडासाचं सुद्धा. संडासाला अकरा बटणं होती.

सहा तारखेला सकाळी मुलीचा फोन आला. सकाळचं ताट तसंच परत गेलं, असं तिने सांगितलं. तक्रार म्हणून नाही, हवापाणी सांगावं तसं. मी फोन ठेवला, उरलेली साडी घडी करून ठेवली आणि पीठ मळायला घेतलं.

रस्ता मी दोनदा पाहिला होता. घराजवळच्या स्टेशनवरून पाच स्टेशनं, मग मोठं जंक्शन, तिथे गाडी बदलून दुसऱ्या रंगाच्या गाडीने तीन स्टेशनं, आणि बाहेर पडलं की समोर दवाखाना. सांगायला दोन ओळी. पण त्या दोन ओळींच्या मधे ते जंक्शन होतं.

अमरावतीहून निघताना विहारातल्या बायांनी बजावलं होतं की बुद्धाच्या देशात चालली आहेस, मोठी मूर्ती पाहून ये, फोटो पाठव. परत आल्यावरही सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मूर्ती मी पाहिली नाही. मी ते स्टेशन पाहिलं. आणि ते जेवढं पाहिलं तेवढं तिथल्या लोकांनीही पाहिलं नसेल.

जंक्शन मला नवीन नाही. बडनेऱ्याला गाडी बदलायची म्हणजे पूल चढायचा, पूल उतरायचा. वर उभं राहिलं की सगळे फलाट दिसतात, कोणती गाडी कुठे लागली तेही दिसतं. मूर्तिजापूरला माझ्या लहानपणी छोटी गाडी आणि मोठी गाडी एकमेकींकडे पाहत उभ्या असायच्या. इथे काहीच दिसत नाही. तीन गाड्यांचे तीन मार्ग एकमेकांच्या डोक्यावरून जातात आणि तिन्ही जमिनीखाली. सगळ्यात खालचा फलाट इतका खोल की सरकत्या जिन्यावर उभं राहिल्यावर शेवट दिसत नाही. ऊन नाही, त्यामुळे उगवत कुठे आणि मावळत कुठे हे कळायला मार्ग नाही. बाहेर पडायची दारं वीसच्या वर. मधे दुकानं, पावाची, मोज्यांची, एक तर नुसत्या छत्र्यांचं. माणसं हजारो, पण आवाज नाही, फक्त बुटांचा. एका जिन्यापाशी पक्षी बोलत होता. मी मान वर करून घरटं शोधलं. जावई म्हणाले, आई, तो रेकॉर्ड केलेला आवाज आहे, न दिसणाऱ्यांना जिना कळावा म्हणून.

आता माझं सांगते. मी एसटीत आहे. अकोल्याच्या बसस्थानकावर अठरा वर्षं वाहतूक नियंत्रक होते. लोक कंट्रोलर म्हणतात. खिडकीत बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वेळ लिहायची, आणि दिवसभर एकच प्रश्न ऐकायचा, बाई, अकोटची गाडी कोठी लागते? मी अकोला जिल्ह्यातल्या अर्ध्या माणसांना रस्ता सांगितला असेल. एवढी वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांना गाडी दाखवली, तिने भाकर घेऊन घरात बसायचं? मला ते पटण्यासारखं नव्हतं.

आणि तरी मी आंधळेपणाने निघाले नाही. साडीचे काठ समोर पडले होते, लाल, रुंद, लांबून दिसणारे. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. शेतात प्रत्येक बाईने आपापल्या ओळी धरायच्या, त्याला पात म्हणतात. संध्याकाळी काम सुटलं की आई जिथवर वेचलं त्या झाडाला चिंधी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी शेत कितीही सारखं दिसलं तरी चिंधी दिसते, आणि शेजारणीशी भांडण होत नाही. शाळेला सुट्टी असली की मीही जायची, आणि बांधायचं काम माझ्याकडे असायचं. गाठ अशी मारायची की वाऱ्याने सुटू नये आणि झाडाला काच पडू नये. मी काठाच्या सात चिंध्या फाडल्या. जंक्शनमधे सात ठिकाणी वळावं लागतं हे मी रविवारी मोजलं होतं.

साडेअकराला निघाले. खांद्याला डब्याची पिशवी, पर्समधे गाडीचं कार्ड आणि जावयांनी दिलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर जपानीत घरचा पत्ता आणि त्यांचा फोन. माझा फोन घरच्या वायफायशिवाय चालत नव्हता. जंक्शनला उतरले आणि जिन्याच्या कठड्याला पहिली चिंधी बांधली. लोक बघत होते, पण थांबत कोणी नव्हतं. पाणी-सरबताच्या मशीनशेजारच्या दांडीला दुसरी. पक्ष्याच्या जिन्याला तिसरी. अशा करत खोल फलाटाच्या तोंडाशी सातवी. एकदाही चुकले नाही. गाडीत बसले तेव्हा डबा अजून गरम होता.

मुलीने मला दारात एकटीला पाहिलं आणि आधी माझ्या मागे पाहिलं, नवरा दिसतो का म्हणून. मग म्हणाली, "आई, तू एकटी आली?"

मी म्हटलं, "भाकर काही आपली आपण येत नाही."

तिची बोटं सुजली होती. अंगठी काढून ठेवली होती. पण दीड भाकर खाल्ली, वरण प्यायली, आळणी आहे म्हणून तोंड वाकडं केलं आणि तरी वाटी निपटून खाल्ली. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या पोटात धड अन्न गेलं असेल. नर्स येऊन रक्तदाब मोजून गेली, हसली, आकडा दाखवला. फार उतरला नव्हता, पण चढलाही नव्हता. निघताना मुलीने माझा पदर धरला. तीस वर्षांची बाई, पण पदर धरला.

"उद्या येशीन ना?"

"येईन तं काय."

हा शब्द मी दिला. पुढे जे काही झालं ते या एका शब्दापायी.

चार वाजता जंक्शनला परत उतरले. फलाटावरून वर आले आणि सातवी चिंधी शोधली. नव्हती. म्हटलं, दुसऱ्या जिन्याने आले असेन. खाली गेले, दुसऱ्या जिन्याने वर आले. नव्हती. मग सहावी शोधली, पाचवी शोधली. जिथे बांधल्याचं मला पक्कं आठवत होतं तो कठडा नुकताच पुसल्यासारखा लख्ख होता. एकही चिंधी नाही.

शेतात असं होत नाही. दुसऱ्याच्या चिंधीला शेतात कोणी हात लावत नाही. कावळाही नाही.

मी तीन जणांना विचारलं. आमच्याकडे रीतच आहे, एकाच्या सांगण्यावर जायचं नाही, तिघांना विचारायचं आणि दोघांचं जुळलं तिकडे जायचं. खिडकीतून मी सांगितलं तरी माणसं चहावाल्याला विचारून खात्री करायची, तेव्हा मला राग यायचा. त्या दिवशी मीही तेच केलं. पहिल्या मुलाने चिठ्ठी वाचली, फोनमधे पाहिलं आणि तोच चुकल्यासारखी माझी माफी मागून निघून गेला. दुसरे एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि या म्हणून खूण करून चालू लागले. दहा मिनिटं चालले. जिने चढले. त्यांना धाप लागली तरी थांबले नाहीत. शेवटी मला रस्त्यावर नेऊन टॅक्सीच्या रांगेशी उभं केलं, वाकले आणि गेले. चिठ्ठीवर घरचा पत्ता होता, त्यांनी सरळ घराचीच सोय केली. इतक्या भल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ते दिसेनासे होईपर्यंत मी टॅक्सीच्या रांगेत उभी राहिले. मग पुन्हा खाली उतरले, पण दार वेगळं होतं. आता मी कुठे आहे हे मला अजिबात कळेना.

तिसरी एक बाई. तिने काचेच्या एका खोलीकडे बोट दाखवलं. ते स्टेशनचं ऑफिस.

आत टोपी आणि पांढरे हातमोजे घातलेला माणूस होता. मी खाणाखुणांनी सांगायला लागले. कठडा, गाठ, लाल कापड. साडीचा काठ धरून दाखवला. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो आत गेला आणि एक ट्रे घेऊन आला. ट्रेमधे पारदर्शक पिशवी होती. पिशवीत माझ्या सातही चिंध्या, प्रत्येकीची नीट चौकोनी घडी केलेली, प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली.

हरवलेल्या वस्तू म्हणून त्या जमा झाल्या होत्या.

त्याने मला फॉर्म दिला. एकेका रकान्यावर बोट ठेवून खुणेने विचारलं, वस्तू काय, रंग कोणता, नग किती. मी मराठीत लिहिलं, साडीचा काठ, लाल, सात. खाली सही केली. त्याने फॉर्म उलटसुलट पाहिला, शिक्का मारला आणि पिशवी दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केली. इतक्या मानाने मला लग्नातही कोणी साडी दिली नव्हती.

ज्या बाईने चिंध्या सोडून त्यांना चिठ्ठ्या लिहून बांधल्या तिलाही त्याने बोलावून घेतलं. साफसफाईची बाई, निळी टोपी, माझ्याच वयाची, हातात ओलं फडकं. तिने हाताने विचारलं, हे का बांधलं? मी वाकून कापूस वेचून दाखवला, ओटीत टाकला, गाठ मारली, दुसऱ्या दिवसाची सकाळ म्हणून डोळे मिटून उघडले. तिने सगळं शेवटपर्यंत पाहिलं. समजलं की नाही कोण जाणे. पण ती हसली नाही, याबद्दल मला ती आवडली.

मग त्या माणसाने माझ्या चिठ्ठीवरचा नंबर फिरवला आणि पाऊण तासाने जावई आले.

ते त्या माणसापुढे वाकले. साफसफाईच्या बाईपुढे वाकले. पुन्हा त्या माणसापुढे वाकले. मी मोजलं नाही, पण माझ्यापायी कोणी इतक्या वेळा वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते आवडलं नाही. मी काही चोरलं नव्हतं. रस्ता चुकले होते.

घरी येऊन त्यांनी चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि मग हात जोडले.

"आई, प्लीज. उद्यापासून तुम्ही एकट्या बाहेर जायचं नाही. ती तिकडे, तुम्ही हरवलेल्या, आणि मी मीटिंगमधे. माझं काय होत असेल याचा विचार करा ना."

त्यांचंही खरं होतं. रात्री दहाला घरी येणारा माणूस त्या दिवशी पाचला ऑफिसातून उठून आला होता. दुसऱ्या दिवशी साहेबाला काय सांगायचं ही चिंता चेहऱ्यावर दिसत होती. मी नरमले असते. पण मग कळलं की मला सांगण्याआधी त्यांनी अमरावतीला फोन करून माझ्या नवऱ्याची परवानगी घेतली होती. माझ्या बाहेर जाण्याची परवानगी, माझ्या नवऱ्याची, चार हजार मैलांवरून.

नवऱ्याचा फोन आलाच. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण संधी सोडत नाहीत.

"काहून वं, कंट्रोलर बाई," ते म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्याले रस्ता दाखवला अन् सोताच चिंध्यांसंगं जमा झाली म्हणते?"

मी म्हटलं, जमा झाली आणि सही करून सुटली. तुम्ही गेल्या वर्षी अकोल्याच्या लग्नाला म्हणून निघाले आणि गाडीत झोप लागून शेगावले उतरले, ते मी कोणाला सांगितलं नाही. ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की जावई म्हणतात तर घरी बस, परक्या मुलखात हट्ट बरा नाही, रविवारी जाशीलच.

त्यानंतर मुलीचा फोन. तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, तू नको येऊ उद्या. मी खाईन इथलं."

खाईन म्हणाली तेव्हाच कळलं की खाणार नाही. लहानपणी शाळेचा डबा न खाता परत आणायची तेव्हाही ती याच आवाजात खाल्ला म्हणायची. म्हणजे आता तिघं एका बाजूला होते. तिघंही मायेने बोलत होते आणि तिघांचं मिळून एकच म्हणणं होतं, की मी दीड खोलीत बसावं आणि अकरा बटणं सांभाळावीत.

मी जावयांना एवढंच म्हटलं, "पडून राहा म्हणून डॉक्टरनं तिले सांगतलं, मले नाही. मले काहून कोंडता?"

त्यांना माझी भाषा ऐकली की नेहमीच मी भांडते आहे असं वाटतं. त्या वेळी मी खरंच भांडत होते.

भाजी निवडता निवडता मी चूक शोधत होते. चिंधी बांधणं चूक नव्हतं. आईची अक्कल शेतात कधी चुकली नाही. पण शेतात संध्याकाळनंतर कोणी नसतं, आणि इथे दर तासाला कोणीतरी कठडा पुसतं. ज्या जागी खूण टिकत नाही तिथे खूण आपल्याजवळ ठेवायला हवी. हे कळलं, पण त्याने रस्ता सापडत नव्हता.

चिंध्या धुवायला टाकाव्यात म्हणून पिशवी उघडली. दोरे सोडायला लागले तेव्हा त्या चिठ्ठ्या पहिल्यांदा नीट पाहिल्या. जपानी अक्षरं, पण मधे मधे आकडे. दोन. सहा. एकोणीस. सगळ्या चिठ्ठ्यांवर वेगळे. मी जावयांना विचारलं, यावर काय लिहिलं आहे?

मी भांडण सोडून दुसरं काही विचारलं याचा त्यांना आनंद झाला. शेजारी बसून त्यांनी उत्साहाने वाचून दाखवलं. "ही वस्तू कुठे सापडली त्याची नोंद आहे, आई. बघा, ही जमिनीखालच्या दुसऱ्या मजल्यावर, सहा नंबरच्या जिन्याच्या डाव्या कठड्याला. ही एकोणीस नंबरच्या खांबाजवळ, पेयांच्या मशीनशेजारी. किती काटेकोर लोक आहेत ना?"

मी म्हटलं, फारच. पुढची वाचा.

त्यांनी सातही वाचल्या. मी प्रत्येकीच्या मागे मराठीत लिहून घेतलं आणि मग चिठ्ठ्या चिंध्यांच्या क्रमाने लावल्या, पहिल्या गाठीपासून सातव्या गाठीपर्यंत. समोर माझा मार्ग तयार झाला होता. कंडक्टरजवळ टप्प्यांचा तक्ता असतो ना, अकोल्यापासून अकोटपर्यंत प्रत्येक थांबा, तसा. मी कुठे कुठे वळले ते त्या निळ्या टोपीच्या बाईने नंबरासकट लिहून ठेवलं होतं. माझ्याहून नीट.

जावयांच्या लक्षात आलं ते सातवी चिठ्ठी लावल्यावर. म्हणाले, "आई, पण उद्या नाही हं."

मी म्हटलं, "रविवार तुमचा. बाकीचे वार माझे."

पुण्याच्या लोकांची उसासा टाकायची एक पद्धत असते, तसा त्यांनी मोठा उसासा टाकला. होकार दिला नाही. मी मागितलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साडेसातला ऑफिसला गेले. दाराशी बूट घालताना म्हणाले, आई, आज घरीच ना? मी म्हटलं, भाकरी टाकायच्या आहेत. हे खोटं नव्हतं. दोन भाकरी टाकल्या, आळणी वरण, पालक. डबा फडक्यात बांधला. चिंध्या घरी वाळत ठेवल्या आणि सात चिठ्ठ्या सुई-दोऱ्याने एका कडेला शिवून पर्समधे टाकल्या. दहाला निघाले.

जंक्शनला उतरून पहिली चिठ्ठी काढली. अकोल्याला माझ्या खिडकीशी अशा बाया यायच्या ज्यांना वाचता येत नव्हतं. मुलाकडून गावाचं नाव तळहातावर लिहून आणायच्या आणि गाडीच्या पाटीशी तळहात धरून अक्षर जुळवायच्या. न चुकता आपल्या गाडीत बसायच्या. मी तेच केलं. चिठ्ठीवरचं अक्षर वाचायचं नाही, भिंतीवरच्या पाटीशी जुळवायचं. जुळलं की पुढे. पहिला जिना जुळला. मशीनशेजारचा खांब जुळला. पक्षी बोलला, तिसरी चिठ्ठी त्याचीच.

पाचवी जुळेना. खांबाचा आकडा वेगळाच निघाला. मागून माणसं येत होती, मला वळसा घालून जात होती. कालची भीती परत यायला लागली. मग मी स्वतःला तेच सांगितलं जे खिडकीतून रोज सांगायची, आहे तिथेच उभ्या राहा बाई, पळू नका, नंबर पुन्हा वाचा. उभी राहिले. वाचला. खांबाच्या एका अंगाला एक आकडा होता, दुसऱ्या अंगाला दुसरा. मी मागच्या अंगाला उभी होते. चार पावलं फिरून गेले आणि पाचवी जुळली.

सहाव्या चिठ्ठीच्या जिन्याशी ती निळी टोपीवाली बाई होती, फडकं घेऊन. तिने मला पाहिलं आणि सगळ्यात आधी कठड्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, काही बांधलं आहे का म्हणून. मी पर्समधून तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या. तिने त्या उलटवल्या, मागचं मराठी पाहिलं आणि सहाव्या चिठ्ठीवर बोट ठेवून मान हलवली. मग पुन्हा कठडा पुसायला लागली.

दवाखान्यात मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताट उशाशी तसंच. मी ताट उचलून बाजूला ठेवलं, घड्याळ पाहिलं आणि तिच्या फोनवरून जावयांना लिहिलं, अकरा दहाला पोचले, चार वाजता परत निघणार, तुम्ही जंक्शनला येऊन थांबायची गरज नाही. गाडी आली की आधी वेळ लिहायची, अठरा वर्षांची सवय.

मग डबा उघडला.